एकेटी१ कायनेजची व्हायल हातात आल्यावर: इंडेंटपासून आयसी५० पर्यंत

दहा मायक्रोग्रॅम प्रथिन डोळ्यांना दिसतही नाही. नळीच्या तळाशी शंभर मायक्रोलिटर द्रव असतो, बाहेर लॉट नंबर आणि घट्ट फिरवलेलं झाकण. एवढ्यासाठी इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) गाईडची सही घ्यायची, स्टोअर्समध्ये खेटे घालायचे आणि महिनाभर कुरिअरच्या ट्रॅकिंगकडे बघत बसायचं. म्हणून ती व्हायल आल्यावर पहिल्या तासात काय करायचं आणि पहिल्या आठवड्यात काय करायचं, हे आधी ठरलेलं हवं. मुंबई-नवी मुंबईच्या लॅबमध्ये नव्याने रुजू झालेले जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) आणि प्रोजेक्ट असिस्टंट डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. कायनेज म्हणजे पेशीतल्या एटीपी या ऊर्जा-रेणूवरचं फॉस्फेट उचलून दुसऱ्या रेणूवर बसवणारं एन्झाइम. उदाहरणाला एकेटी१ घेतलं असलं तरी बराचसा भाग ईआरके२ किंवा दुसऱ्या कुठल्याही शुद्ध रिकॉम्बिनंट कायनेजला तसाच लागू पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. लेबलवरचा आकडा प्रथिनाचं वजन सांगतो. त्यातलं किती प्रथिन प्रत्यक्ष काम करतं, हे फक्त तुमच्या बेंचवर कळतं. पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

काय मागवायचं

एकेटी१ ला प्रोटीन कायनेज बी असंही म्हणतात. इन्सुलिन किंवा वाढीचा एखादा घटक पेशीला येऊन चिकटला की पीआय३-कायनेज जागं होतं, त्याने बनवलेल्या लिपिडमुळे एकेटी१ पेशीच्या पडद्याकडे ओढलं जातं आणि तिथे त्याच्यावर दोन ठिकाणी फॉस्फेट बसतं. थ्रिओनिन ३०८ वर ते पीडीके१ बसवतं, सेरिन ४७३ वर एमटॉर कॉम्प्लेक्स २. दोन्ही बसली की एन्झाइम पूर्ण ताकदीने चालतं. स्तनाच्या आणि तोंडाच्या कर्करोगात हा मार्ग बिघडलेला वारंवार सापडतो, त्यामुळे परळ-खारघरपासून पवईपर्यंत कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टमध्ये एकेटी१ भेटतंच. कॅपिव्हासर्टिब हे एकेटी रोखणारं औषध २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हापासून या विषयाला आणखी जोर आला आहे.

कॅटलॉग उघडला की एकाच नावाखाली अनेक माल दिसतात. चार गोष्टी वाचल्याशिवाय कार्टमध्ये टाकू नका.

पहिली, ‘ॲक्टिव्ह’ की ‘इनॲक्टिव्ह’. एकेटी१ ला जागं करणारी यंत्रणा ई. कोलायमध्ये नसते, म्हणून सक्रिय एकेटी१ बहुतेक वेळा एसएफ९ या कीटकपेशींमध्ये, बॅक्युलोव्हायरस वापरून बनवलेलं असतं. काही ठिकाणी ते पीडीके१ सोबत ठेवून सक्रिय केलेलं असतं. तुम्हाला पीडीके१ चा सबस्ट्रेट म्हणून, म्हणजे पीडीके१ ज्यावर फॉस्फेट बसवेल तो रेणू म्हणून, एकेटी१ हवं असेल, तर मात्र इनॲक्टिव्हच मागवा.

दुसरी गोष्ट टॅग, म्हणजे शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून प्रथिनाला जोडलेलं शेपूट. हिस्टिडिनच्या सहा कड्यांचा टॅग वजनात जेमतेम एक किलोडाल्टनची भर घालतो, जीएसटी टॅग सुमारे २६ ची. पूर्ण लांबीचं एकेटी१ ४८० अमिनो आम्लांचं, सुमारे ५६ किलोडाल्टनचं असतं. जीएसटी आणि मधला जोड धरून ते ८५ च्या आसपास जातं. मोलर हिशोब करताना कुठलं वजन धरायचं ते यावरून ठरेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटते: प्रथिन पूर्ण लांबीचं आहे, की पुढचा पीएच डोमेन (पडद्यातल्या लिपिडला धरणारा भाग; आम्लता मोजायच्या पीएचशी याचा संबंध नाही) कापलेलं? पीएच डोमेन काढलेलं एकेटी१ बनवायला सोपं आणि चालायलाही चपळ असतं. पण एमके-२२०६ हा प्रसिद्ध इनहिबिटर (एन्झाइम रोखणारा रेणू) ॲलोस्टेरिक आहे, म्हणजे एटीपीची जागा सोडून दुसरीकडे बसतो; त्याला धरून बसायला पीएच डोमेन लागतो. कापलेल्या प्रथिनावर तो टाकाल तर काहीच होणार नाही, आणि तुम्ही पंधरा दिवस इनहिबिटर खराब निघाला म्हणून विक्रेत्याशी भांडत बसाल. कापलेलंच प्रथिन हाती असेल तर कंट्रोलला एटीपीच्या जागी बसणारा इनहिबिटर घ्या, जसं जीएसके६९०६९३ किंवा साधं स्टॉरोस्पोरिन.

चौथी गोष्ट साठवणीचा बफर. त्यात आधीच बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेलं असेल तर ब्रॅडफर्ड करून प्रथिन मोजण्यात अर्थ नाही, तुम्ही बीएसएच मोजाल.

केंद्रीय संस्थेत असाल तर ही वस्तू जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर मिळत नाही याचा दाखला लागतो का, ते स्टोअर्सला आधी विचारा. लागत असेल तर तो इंडेंटसोबतच जोडा, नाहीतर फाइल तेवढ्यासाठी परत येते.

सहारपासून मायनस ऐंशीपर्यंत

माल ड्राय आइसमध्ये, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये येतो. ड्राय आइसचं तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असतं आणि ते सतत हवेत उडत असतं. सहारच्या विमानतळ कार्गोत खोकं अडकलं की घड्याळ तुमच्या विरोधात चालायला लागतं. विक्रेत्याला ऑर्डर देतानाच सांगा की माल आठवड्याच्या सुरुवातीला उतरला पाहिजे, आणि गणपती, दिवाळी किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या तोंडावर अजिबात नको. वाटेत ड्राय आइस पुन्हा भरण्याची सोय आहे का, हे लेखी विचारा. जुलैत तर जास्तच सांभाळा. रस्त्यावर पाणी भरलं की अंधेरीहून निघालेली गाडी कधी पोचेल हे कोणी सांगू शकत नाही.

खोकं आलं की सही करण्यापूर्वी उघडा. थर्मोकोलमध्ये ड्राय आइस शिल्लक आहे का ते बघा, फोटो काढा, व्हायल हलवून आतला द्रव गोठलेला आहे याची खात्री करा. ड्राय आइस संपलेलं असेल तर तसं चलनावर लिहूनच माल घ्या. बदली माल मागताना हाच कागद उपयोगी पडतो. उरलेलं ड्राय आइस बंद खोलीत किंवा सिंकमध्ये टाकू नका, हवेशीर जागी उडून जाऊ द्या. त्याच कारणाने, हार्बरपलीकडच्या लॅबमधल्या मैत्रिणीकडून एखादी नळी उसनी आणायची झाली तर ड्राय आइसचा डबा एसी टॅक्सीत काचा बंद करून मांडीवर घेऊन बसू नका. कार्बन डायऑक्साइड कोंडला की डोकं गरगरायला वेळ लागत नाही.

व्हायल लगेच वापरायची नसेल तर न उघडता थेट मायनस ऐंशीत (उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये) ठेवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नको. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतः गरम होतो आणि तुमचं एन्झाइम रोज थोडं थोडं मरतं.

एलिक्वॉट: एकदाच, आणि हिशोबाने

कायनेज गोठवण-वितळवणीला फार नाजूक असतं. म्हणून व्हायल आयुष्यात एकदाच वितळवायची आणि त्याच बैठकीत छोट्या वाट्यांत, म्हणजे एलिक्वॉटमध्ये, वाटून टाकायची. किती मायक्रोलिटरचे वाटे करायचे हे प्रयोगावरून ठरतं. सरसकट पाच-पाचचे करण्याची सवय चांगली नाही.

समजा व्हायलमध्ये १०० मायक्रोलिटर आहेत आणि तीव्रता ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे मायक्रोलिटरला १०० नॅनोग्रॅम. प्लेटमधल्या एका वेलला (खळग्याला) २० नॅनोग्रॅम लागणार असतील तर ८० वेलना १६०० नॅनोग्रॅम, म्हणजे १६ मायक्रोलिटर. तेव्हा पूर्ण प्लेटसाठी २० मायक्रोलिटरच्या चार नळ्या आणि चाचणीसाठी ५ च्या तीन. बेरीज ९५ होते. उरलेले पाच भिंतीला आणि टिपला जातात, ते धरूनच चाला.

हे करताना लो-बाइंड (प्रथिन कमी चिकटणाऱ्या) नळ्या आधी बर्फावर थंड करून, लेबल लावून मांडून ठेवा. लेबलवर प्रथिन, लॉट, तीव्रता, तारीख आणि तुमची आद्याक्षरं. नुसतं ‘एकेटी’ लिहिलेल्या बेवारस नळ्या प्रत्येक मायनस ऐंशीत सापडतात आणि त्या वापरायची कोणाचीच हिंमत होत नाही. व्हायल बर्फावरच वितळू द्या, हाताच्या उबेवर नको. वितळली की मायक्रोफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवून झाकणाला लागलेला थेंब खाली आणा. पावसाळ्यात थंड व्हायलवर बाहेरून पाणी साचतं. झाकण उघडण्यापूर्वी ते टिश्यूने पुसा, नाहीतर तोच थेंब आत जाईल. वॉर्टेक्स यंत्रावर जोरात ढवळू नका. पिपेटने दोन-तीन वेळा हळू वरखाली केलं की पुरे. साठवणीत ग्लिसरॉल असतं, द्रव जाड असतो, म्हणून टिप द्रवात फक्त टेकवा आणि सावकाश ओढा. टिप खोल बुडवली तर बाहेरून चिकटून येणारा ग्लिसरॉलच तुमचं माप बिघडवतो. वाटे झाले की ड्राय आइसवर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये पटकन गोठवून मायनस ऐंशीत टाका. वितळलेल्या वाट्यातलं उरलंसुरलं परत गोठवू नका. जीवावर येतं, पण टाकून द्या.

बफर, आणि मुंबईची दमट हवा

कायनेजचा बफर साधा आहे: २५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, २ मिलिमोलर डीटीटी, ५ मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, ०.१ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट. शेवटचे दोन फॉस्फटेजना, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमना, आवर घालण्यासाठी. शुद्ध प्रथिन वापरत असाल तर त्यांच्यावाचून फारसं अडत नाही.

इथे दोन गोष्टी घात करतात. पहिली मॅग्नेशियम क्लोराइड. हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. जूनमध्ये उघडलेली बाटली ऑगस्टमध्ये बघा, खडे एकमेकांना चिकटून तळाशी पाणी सुटलेलं असतं. त्यातून एक ग्रॅम मोजलात तर त्यातलं मीठ किती आणि मुंबईचा पाऊस किती, हे कोण सांगणार? बाटली नवी असतानाच एक मोलरचं स्टॉक करून ठेवा किंवा तयार द्रावण विकत घ्या. कायनेजला नुसतं एटीपी चालत नाही, मॅग्नेशियमसोबतचं एटीपी लागतं, त्यामुळे इथली चूक थेट आकड्यांत उतरते.

दुसरी गोष्ट ट्रिस. तापमान एक अंशाने वाढलं की ट्रिसचा पीएच सुमारे ०.०३ ने उतरतो. २५ अंशांना ७.५ वर आणलेला बफर ४ अंशांना ८.१ च्या आसपास असतो. कोल्ड रूममधून आणलेल्या बफरचा पीएच तसाच थंड असताना ‘दुरुस्त’ करू नका. ज्या तापमानाला प्रयोग होणार त्याच तापमानाला पीएच लावा. प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेंपरेचर’ही आंधळेपणाने घेऊ नका. ते बावीस-पंचवीस अंश गृहीत धरतात. मे महिन्यात एसी बंद केलेल्या लॅबमध्ये ३२ अंश सहज असतात. इनक्युबेटर ३० अंशांवर लावा आणि वर्षभर तोच ठेवा.

डीटीटी (प्रथिनाला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं रसायन) रोज ताजं घाला. हाताला लागेल ते एटीपी चालणार नाही, शुद्धच हवं. जुन्या, स्वस्त एटीपीत तुटून झालेलं एडीपी असतं आणि आपण मोजणार आहोत ते एडीपीच.

कामाची मोजणी: टायट्रेशन

एन्झाइमने किती फॉस्फेट हलवलं हे मोजायचे मार्ग अनेक आहेत. जुना आणि अजूनही सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे फॉस्फरस-३२ लावलेलं एटीपी. त्याचं अर्धायुष्य १४.३ दिवसांचं, म्हणून प्रयोगाच्या तारखा बघूनच ते मागवावं लागतं. वाशीला मुख्यालय असलेल्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून आपल्याकडे किरणोत्सारी रसायनं मिळतात, पण त्यासाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, बॅज आणि ॲक्रिलिकचे आडोसे हवेत. हे सगळं असेल तर जरूर करा. नसेल तर ल्युमिनेसन्सवर (प्रतिक्रियेतून पडणाऱ्या उजेडावर) चालणारं एडीपी-ग्लो किट पुरेसं आहे. कायनेजने एटीपी वापरलं की एडीपी उरतं. किटचा पहिला अभिकर्मक उरलेलं एटीपी संपवतो, दुसरा त्या एडीपीचं परत एटीपी करतो आणि ल्युसिफरेज त्यावर उजेड पाडतं.

सबस्ट्रेट म्हणून क्रॉसटाइड घ्या. जीएसके३ मधल्या ज्या जागी एकेटी फॉस्फेट बसवतं, तिथलाच हा अकरा अमिनो आम्लांचा तुकडा आहे.

एका वेलमध्ये एकूण २५ मायक्रोलिटर: १० एन्झाइम, ५ इनहिबिटर किंवा ५ टक्के डीएमएसओ (इनहिबिटर ज्यात विरघळवतात तो द्रव) असलेला बफर, १० एटीपी आणि पेप्टाइडचं मिश्रण. म्हणजे एन्झाइम आणि एटीपी अडीचपट तीव्र, इनहिबिटर पाचपट, आणि शेवटी डीएमएसओ १ टक्का. एटीपी अंतिम २५ मायक्रोमोलर ठेवू.

आता टायट्रेशन, म्हणजे एन्झाइमची मात्रा पायरीपायरीने बदलून काम मोजणं. ५ मायक्रोलिटरची एक नळी काढा. तिच्यात ५०० नॅनोग्रॅम आहेत. बीएसए घातलेला ४५ मायक्रोलिटर थंड बफर टाका, मायक्रोलिटरला १० नॅनोग्रॅम झाले. बीएसए यासाठी की इतकं विरळ प्रथिन नुसत्या बफरमध्ये नळीच्या भिंतीला चिकटून नाहीसं होतं. पुढच्या सात नळ्यांत याच बफरचे २५-२५ मायक्रोलिटर घेऊन पहिलीतले २५ दुसरीत, दुसरीतले २५ तिसरीत असं निम्मं-निम्मं करत जा. प्रत्येक नळीतून दोन वेल भरा. वेलमागे १०० नॅनोग्रॅमपासून ०.८ पर्यंत आठ पायऱ्या मिळतात, आणि सगळं एका नळीत भागतं.

एटीपीचं मिश्रण शेवटी घाला, वेळ तिथून मोजा. ३० मिनिटांनी पहिला अभिकर्मक २५ मायक्रोलिटर, ४० मिनिटं थांबा. मग दुसरा ५० मायक्रोलिटर, आणखी अर्धा ते एक तास. प्लेट पांढरी, अपारदर्शक. सोबत एटीपी आणि एडीपीची बेरीज २५ मायक्रोमोलरच ठेवून एडीपी शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत नेणारी स्टँडर्ड रांग हवीच, नाहीतर उजेडाच्या आकड्यांचं एडीपीत रूपांतर करता येणार नाही. इथे प्रतिक्रिया थांबवायला ईडीटीए वापरू नका, ते मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि ल्युसिफरेजलाही मॅग्नेशियम लागतं.

कंट्रोलमध्ये काटकसर नको. एन्झाइम नसलेलं वेल एटीपीतली भेसळ दाखवतं. पेप्टाइड नसलेलं वेल दाखवतं की एन्झाइम, किंवा त्याच्यासोबत आलेलं एखादं एटीपेज, स्वतःच किती एटीपी खातंय. हा दुसरा आकडा मोठा आला तर प्रथिनाच्या शुद्धतेवर शंका घ्या आणि ५० ते १०० नॅनोग्रॅम जेलवर चालवून सिल्व्हर स्टेन करा. ६६ किलोडाल्टनला पट्टा दिसला तर घाबरण्यापूर्वी बफरमध्ये बीएसए आहे का ते डेटाशीटमध्ये बघा.

आता कागदावरचा हिशोब. डेटाशीटवर विशिष्ट सक्रियता समजा १०० नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम आहे. मग २० नॅनोग्रॅम मिनिटाला २ पिकोमोल हलवतील, ३० मिनिटांत ६०. वेलमध्ये एटीपी २५ मायक्रोमोलर गुणिले २५ मायक्रोलिटर, म्हणजे ६२५ पिकोमोल. दहा टक्क्यांच्या आत, छान. प्रत्यक्षात तुमचा आकडा कमी येईल, कारण कंपनी सहसा जास्त एटीपी आणि स्वतःचा सबस्ट्रेट वापरून मोजते. तो निम्मा आला तर ठीक. दहाव्या भागाइतका आला तर प्रवासात किंवा वाटे करताना काहीतरी बिनसलं आहे. तेव्हा थ्रिओनिन ३०८ आणि सेरिन ४७३ च्या फॉस्फो-अँटिबॉडीने (त्या जागी फॉस्फेट असेल तरच चिकटणाऱ्या) वेस्टर्न ब्लॉट करून बघा. फॉस्फेट जागेवर असूनही काम नसेल तर प्रथिनाची घडी मोडली आहे.

आलेख काढलात की डाव्या बाजूला सरळ चढ दिसेल आणि उजवीकडे सपाटी. सपाटीवर एटीपी किंवा पेप्टाइड संपत आलेलं असतं. तिथे इनहिबिटर घालून निम्मं एन्झाइम मारलं तरी उरलेलं निम्मं वेळेत सगळं काम उरकतं, आणि इनहिबिटर आहे त्यापेक्षा कमजोर दिसतो. म्हणून एन्झाइमची मात्रा सरळ चढावरचीच निवडा, जिथे दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त सबस्ट्रेट वापरलं जात नाही. त्याच मात्रेला १०, २०, ३०, ४५, ६० मिनिटांची रांग एकदा लावा. वेळेबरोबरही रेषा सरळच हवी.

इनहिबिटर आणि हळदीचा अर्क

मात्रा ठरली की आयसी५०, म्हणजे एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी इनहिबिटरची तीव्रता, काढणं सोपं आहे: इनहिबिटर एन्झाइमसोबत १५ मिनिटं ठेवायचा, मग एटीपी. पण आकडा वाचताना दोन मर्यादा लक्षात ठेवा. एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या इनहिबिटरचा आयसी५० एटीपी वाढवलं की वाढतो. पेशीत एटीपी मिलिमोलरमध्ये असतं, आपण घेतलं २५ मायक्रोमोलर. तेव्हा प्लेटवरचा आकडा पेशीत तसाच मिळेल ही आशा सोडा आणि आयसी५० लिहिताना शेजारी एटीपीची तीव्रता लिहा. दुसरं, ८५ किलोडाल्टनचे २० नॅनोग्रॅम २५ मायक्रोलिटरमध्ये म्हणजे सुमारे ९.४ नॅनोमोलर एन्झाइम. आयसी५० त्याच्या निम्म्याखाली, म्हणजे ४.७ च्या खाली, मोजताच येत नाही. एकेटी१ साठी एमके-२२०६ चा प्रसिद्ध झालेला आकडा ८ नॅनोमोलर आहे, या मर्यादेच्या अगदी जवळ. तुमच्या सिग्नलला झेपत असेल तर एन्झाइम आणखी कमी करा.

आपल्याकडे या प्लेटवर वनस्पतींचे अर्क फार येतात: हळद, गुळवेल, तुळस, डाळिंबाची साल. त्यांच्याबाबत माझं मत कडक आहे: खालच्या तीन चाचण्या केल्याशिवाय ‘एकेटी रोखतो’ असं लिहूच नये. एक, एन्झाइम न घालता तेवढ्याच एडीपीसोबत अर्क टाका. उजेड कमी झाला तर तो ल्युसिफरेज रोखतोय किंवा त्याचा रंग उजेड गिळतोय. दोन, बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून पुन्हा करा; परिणाम नाहीसा झाला तर रेणूंचे गोळे बनून एन्झाइमला गुंडाळत होते. तीन, मॅग्नेशियम वाढवून बघा. पॉलिफेनॉल धातूंना धरतात. कर्क्युमिन तर अशा फसव्या निकालांसाठी जगभर बदनाम आहे. शिवाय कच्च्या अर्कात वनस्पतीचं स्वतःचं एटीपी-एडीपी असू शकतं, म्हणून नुसता अर्क आणि बफर असं एक वेल हवंच.

पुढचा लॉट

नवा लॉट जुना संपण्यापूर्वी मागवा, म्हणजे दोन्ही एकाच प्लेटवर शेजारी लावता येतील. टायट्रेशनची तीच आठ पायऱ्यांची रांग आणि एका ओळखीच्या इनहिबिटरचा एक आयसी५०, एवढं पुरे. नव्या लॉटला २० ऐवजी ३५ नॅनोग्रॅम लागले तर ३५ घ्या. मात्र इनहिबिटरचा आयसी५० जुन्या लॉटच्या दुप्पट-तिप्पट सरकला असेल, तर दोन्ही लॉटचे आकडे एका तक्त्यात घालू नका. मायनस ऐंशीच्या दारावरच्या यादीत लॉट नंबर, कुठल्या रॅकमध्ये किती नळ्या उरल्या आणि वेलमागे ठरलेली मात्रा लिहून ठेवा. तुम्ही थिसिस लिहायला घरी बसाल, तेव्हा त्या नळ्या दुसरं कोणीतरी काढणार आहे.